पाटाला तडा का गेला?
(रविवारच्या सुतारीचा एक पाठ)



दर अंकात या पानावर एखादा अभ्यासाचा विषय देण्याची आपल्या शाळेची प्रथा आहे. या वेळचा धडा आमच्याच एका फजितीतून निघाला आहे. मुख्याध्यापकांनी आपली चूक वार्तापत्रात छापावी का, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. आम्ही म्हटले, वर्गासमोर झालेली चूक आता लपवायची कोणापासून?

फजिती

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही घराच्या मागच्या पडवीत सुतारीचा नाद सुरू केला. जागा आठ फूट बाय सहा फूट. हत्यारे मोजकीच : एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, हातोडी, गुण्या, हाताने फिरवायचे ड्रिल आणि टेबलाला बसवलेला एक शेगडा. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे डोक्यात शब्द होते आरी, रंदा आणि रुखानी. धारवाडच्या दुकानात गेलो तर तिथे गरगस आणि उळी. करवत आणि पटाशी हे शब्द घरच्या मंडळींनी शिकवले. एकाच हत्याराची तीन नावे पाठ झाली, पण हत्यार हातात काही बसले नव्हते.

पहिली वस्तू म्हणून गणपतीसाठी पाट केला. वर सागाची एक फूट रुंद फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. काम मजबूत व्हावे म्हणून पट्ट्यांना भरपूर डिंक लावला आणि वर प्रत्येकी सहा खिळे ठोकले. चतुर्थीला मूर्ती बसली, आल्यागेल्यांनी कौतुक केले. पुढे चैत्रात एका रात्री देवघरातून काडकन आवाज आला. सकाळी पाहतो तो पाटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. कोणी त्याला हातही लावला नव्हता.

वर्गातला प्रश्न

तो पाट आम्ही आठवीच्या विज्ञानाच्या तासाला नेला. 'उन्हाळ्याच्या उष्णतेने लाकूड तडकते' असे उदाहरण देण्याचा विचार होता. वाक्य पुरे होताच एका मुलीने हात वर केला. "सर, उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात ना? मग फळी फुगायला पाहिजे. ती फाटली कशी?"

प्रश्न अगदी बिनतोड होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा मागच्या बाकावरून एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, उष्णतेने नाही. सुकल्याने फाटली. तुम्ही पट्ट्या डिंकाने जखडल्या आहेत." त्याला हे कसे कळले असे विचारले, तर तो खाली बघू लागला. त्याचे वडील सुतारकाम करतात हे आम्हाला त्या दिवशी समजले.

पुढच्या शनिवारी त्या पालकांना आम्ही शाळेत बोलावले. त्यांनी पाट उलटा केला, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फळीला वाट ठेवायला पाहिजे होती बघा, सर. पावसाळ्यात ती फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. तुम्ही तिला हलू दिलं नाही, म्हणून ती फाटली." त्यांच्या परवानगीने हे इथे लिहीत आहोत.

लाकूड कसे हलते?

आता त्यांचे म्हणणे विज्ञानाच्या भाषेत पाहू. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना नळ्यांच्या पोकळीत पाणी असते आणि त्यांच्या भिंतींतही ओलावा मुरलेला असतो. झाड तोडल्यावर आधी पोकळीतले पाणी जाते, तेव्हा लाकूड हलके होते पण आकसत नाही. ओलावा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की भिंतींतले पाणी जाऊ लागते. तिथून आकसणे सुरू होते.

हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. ओला साग पूर्ण सुकवला तर वर्षवलयांच्या दिशेने तो पाच-सहा टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या निम्मा. लांबीच्या दिशेने मात्र जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. म्हणून फळी रुंदीत हलते, लांबीत जवळजवळ नाही.

सुकलेले लाकूडही हवेप्रमाणे ओलावा घेत आणि सोडत राहते. आपले धारवाड मलनाडच्या कडेला असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि मार्च-एप्रिलमध्ये ओठ फुटतात. एवढ्या फरकाने एक फूट रुंदीची सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर लहानमोठी होऊ शकते. त्या मुलीचा प्रश्नही चुकीचा नव्हता, उष्णतेने लाकूड प्रसरण पावतेच. पण तापमान १५ अंशांनी वाढले तरी तेवढ्याच फळीत ती वाढ पाव मिलिमीटरही भरत नाही. सुकण्यामुळे होणारे आकुंचन तिच्या दसपट असते, म्हणून तेच दिसते.

आमच्या पाटात काय झाले ते आता उघड आहे. फळीच्या रेषा लांबीला होत्या आणि पट्ट्या त्यांना आडव्या. श्रावणात फुगलेली फळी आम्ही पट्ट्यांना घट्ट चिकटवली. चैत्रात फळी रुंदीत आकसू लागली, पण पट्टीची तर तीच लांबी, ती आकसेना. दोघींच्या ओढाताणीत फळी मध्येच फाटली. म्हणजे आम्ही ज्याला मजबुती समजलो होतो, तोच दोष होता.

आपल्या आजीच्या घरचा जुना पाट उलटा करून पाहा. काही पाटांच्या खाली खिळाच दिसत नाही. फळीत तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच केलेली असते आणि त्याच आकाराची पट्टी बाजूने सरकवून बसवलेली असते. ती फळीला वाकू देत नाही, पण आकसू देते. ज्यांनी हे केले त्यांनी टक्केवारीचे कोष्टक पाहिले नव्हते. लाकूड मात्र पाहिले होते.

आपल्या परिसरातील लाकूडकाम

या विद्येसाठी आपल्याला दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यातील कलघटगीचे रंगीत लाकडी पाळणे प्रसिद्ध आहेत. सागाचे लाकूड, त्यावर लाखेचे रंग आणि पौराणिक चित्रे. मोजक्याच घराण्यांनी ही कला टिकवली आहे. कोप्पळजवळच्या किन्नाळची लाकडी खेळणी व मूर्ती, चन्नपट्टणची लाखेची खेळणी आणि तिकडे कोकणात सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे व खेळणी हीही त्याच कुळातली.

धारवाड हे गाण्याचे गाव. इथल्या मैफलींना ज्या तंबोऱ्यांनी सूर दिला, त्यांचे मोठे माहेर मिरज. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या लाकडी भागासाठी तुणीचे लाकूड आणि खाली भोपळा वापरतात. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि हुबळीचा रेल्वे कारखाना तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. रेल्वेचे डबे लाकडी होते त्या काळात सुतार हा रेल्वेच्या कारखान्यांचा मोठा आधार होता.

शाळेत सुतारी शिकवण्याचा विचारही नवा नाही. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षकांना लाकूडकामातून शिक्षण देण्याची पद्धत शिकवली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या 'नयी तालीम'मध्ये सुताईबरोबर सुतारीही आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले, त्यातही सुतारकामाचे नाव आहे. कागदावर ही सुतारी अनेकदा आली. आपल्या शाळेत ती कितपत आली, ते पुढे सांगतो.

दोन रविवारांत एक पाट

साहित्य : सुकलेली फळी १८ इंच लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड (साग, शिवण किंवा आंबा). १ इंच जाड, दीड इंच रुंद आणि ११ इंच लांब अशा दोन पट्ट्या. सव्वा इंची गोल डोक्याचे सहा स्क्रू, सहा वायसर, काचकागद आणि जवसाचे तेल. जुन्या दाराची किंवा पलंगाची फळी मिळाली तर उत्तम, कारण ती बरीच वर्षे सुकलेली असते. मात्र रंधा मारण्याआधी तिच्यातले खिळे काढावेत.

पहिला रविवार
१. फळी घरात आणून आठवडाभर हवेशीर जागी ठेवलेली असावी. गुण्याने चारही कोपरे काटकोनात आखावेत.
२. रेघेच्या बाहेरून करवतीने कापावे. रेघ शिल्लक राहिली पाहिजे.
३. रेषांच्या दिशेने रंधा मारावा. लाकूड उचकटू लागले तर फळी फिरवून उलट बाजूने मारावा.
४. कडा काचकागदाने गोलसर कराव्यात. पाट उचलताना हाताला टोचता कामा नये.

दुसरा रविवार
५. प्रत्येक पट्टीला तीन छिद्रे पाडावीत, एक मधोमध आणि दोन टोकांकडे. मधले छिद्र गोल. टोकांकडची छिद्रे मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करावीत. त्यासाठी दोन छिद्रे जवळजवळ पाडून मधला भाग कानशीने काढावा. फळीसाठी ठेवायची 'वाट' ती हीच.
६. स्क्रूचे डोके बाहेर राहू नये म्हणून छिद्राभोवती वायसर बसेल व सरकेल अशी पाव इंच खोल खाच करावी.
७. आता हिशेब करा. पट्टी १ इंच, खाच पाव इंच, म्हणजे स्क्रू पट्टीत पाऊण इंच राहील. स्क्रू सव्वा इंचाचा, म्हणजे फळीत अर्धा इंच शिरेल. फळी रंधून पाऊण इंच उरली तरी टोक वर येणार नाही. हा हिशेब आधी कागदावर करावा, पाटावर नव्हे.
८. टोकांपासून तीन-तीन इंचांवर पट्ट्या आडव्या ठेवून स्क्रू बसवावेत. मधला स्क्रू घट्ट, टोकांचे बेताचे. डिंक लावू नये.
९. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसावे, दोन दिवसांनी पुन्हा तसेच करावे.

सावधानता

पटाशी चालवताना दुसरा हात कधीही तिच्या पुढे नसावा. लाकूड शेगड्यात धरावे, पायाखाली नव्हे. विजेवर चालणारी करवत व रंधा विद्यार्थ्यांनी वापरू नयेत. काचकागद मारताना तोंडाला मास्क बांधावा. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवले आहे. तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

शेवटी एक विनंती

त्या शनिवारनंतर आम्ही शाळेचे प्रवेशअर्ज काढून पाहिले. 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात 'खाजगी काम' आहे, 'बिझनेस' आहे, 'इंटिरियर' आहे. 'सुतार' हा शब्द एकाही अर्जात नाही. आपल्या पालकांपैकी निदान चारजण हे काम करतात, हे आता आम्हाला माहीत आहे. तो शब्द लिहायला त्यांना संकोच का वाटला, याचे उत्तर त्यांच्याकडे मागणे योग्य नाही. ते शाळेने द्यायचे आहे. हाताने काम करणाऱ्या पालकाला आम्ही आजवर व्यासपीठावर बोलावले नाही. बोलावले ते बाक दुरुस्तीला.

शाळेच्या कोठीत हस्तकलेच्या तासाचे एक जुने सुतारी टेबल पडून आहे. जागा मोकळी करण्यासाठी ते भंगारात द्यावे असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे, आणि त्या प्रस्तावावर आमचीही सही आहे. ती सही आम्ही मागे घेत आहोत. टेबलाचा एक पाय हलतो आहे, बाकी ते शाबूत आहे. ज्या पालकांनी आमच्या पाटाचा दोष दाखवला, त्यांनी महिन्यातून दोन शनिवार येण्याचे कबूल केले आहे. त्यांना योग्य मानधन द्यावे आणि त्यांची ओळख विद्यार्थ्यांना 'गुरुजी' म्हणून करून द्यावी, अशी मंडळाला विनंती आहे.

फुटलेला पाट आम्ही टाकलेला नाही. तो आठवीच्या वर्गात खिडकीखाली ठेवला आहे. नवा पाट लांबट छिद्रांचा आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याने काढला, अजून तरी आवाज आलेला नाही.

स्वाध्याय

१. घरातील एका लाकडी फळीची रुंदी आज मिलिमीटरमध्ये मोजा. तीच फळी त्याच जागी ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजून तक्ता करा.
२. पावसाळ्यात घरातील कोणते दार घट्ट होते? ते वरून अडते की बाजूने? कारण लिहा.
३. आपल्या गल्लीतील एका कारागिराला भेटून पाच हत्यारांची नावे मराठी, कन्नड व हिंदीत लिहून आणा. त्यांचे नाव त्यांना विचारूनच वहीत लिहा.