हौशी रेडिओचे संदेशजाल : ऱ्हास आणि बोध

दळणवळणाच्या जाळ्याचे मूल्य त्यातील यंत्रांच्या किमतीपेक्षा त्यात किती जण सहभागी आहेत यावर अधिक अवलंबून असते. सहभागी वाढले की जाळे झपाट्याने विस्तारते. ते गळू लागले की तितक्याच वेगाने विरते. हौशी रेडिओचालकांनी १९८० च्या दशकात अनेक देशांत उभारलेल्या अंकीय संदेशजालाचा ऱ्हास हे याचे उद्‌बोधक उदाहरण होय. छत्तीसगढसारख्या वनव्याप्त राज्याच्या दृष्टीने त्याचा अभ्यास अगत्याचा आहे.

कार्यपद्धती

‘पॅकेट रेडिओ’ या पद्धतीत संदेशाचे साधारणतः २५६ अक्षरांपर्यंतचे तुकडे केले जात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे संकेतनाम असे आणि पोच न मिळाल्यास तो पुन्हा पाठविला जाई. प्रचलित वेग सेकंदाला १,२०० बिट असल्याने हजार अक्षरांच्या संदेशाला किमान सात सेकंद लागत. टपालपेटीसारखी काम करणारी केंद्रे संदेश साठवून ठेवीत व सवडीने पुढील केंद्राकडे सोपवीत.

अतिउच्च वारंवारतेच्या लहरी मुख्यतः दृष्टिरेषेत जातात. रायपूर ते जगदलपूर हे सरळ रेषेतील सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ५० किलोमीटरच्या टप्प्यांनी पार करायचे झाल्यास मध्ये किमान चार केंद्रे अखंड चालू हवीत. त्यातील एक बंद पडले तरी साखळी तुटते.

ऱ्हासाची कारणे

भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे मोबाइलचा प्रसार झाला. हौशी सेवेत व्यापारी संदेशांना मनाई असल्याने केंद्रांना उत्पन्न नव्हते. वीज व देखभालीचा भार चालकच सोसत. वापरणारे घटले तरी हा खर्च घटला नाही. परिणामी एकेक केंद्र बंद होत गेले आणि उरलेल्यांची उपयुक्तताही ओसरली.

पर्यायाचे मोल

नित्य व्यवहारात अनावश्यक भासणारी दुसरी वाट संकटकाळी अमूल्य ठरते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारमधील संपर्क विस्कळीत झाला, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथून हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविले. मोबाइल मनोरे वीज, डिझेल व तारांच्या जोडणीवर विसंबून असतात, हे विसरून चालणार नाही. तारसेवेचा जुना पर्यायही जुलै २०१३ मध्ये संपुष्टात आला.

साठवून पुढे पाठविण्याचे तत्त्व मात्र कालबाह्य झालेले नाही. छत्तीसगढमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने साध्या दूरध्वनीवर लोकांचे निरोप ध्वनिमुद्रित करून ते इतरांना ऐकविण्याची सोय केली. पुढे ‘बुल्टू रेडिओ’ या उपक्रमात ध्वनिमुद्रित कार्यक्रम ब्लूटूथद्वारे एका मोबाइलवरून दुसऱ्यावर देण्यात आले. इंटरनेट नसलेल्या गावांपर्यंत जाण्याचा हा मार्ग त्याच तत्त्वाचा नवा आविष्कार होता.

पुढील दिशा

आपत्कालीन संपर्क ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो. म्हणून तिचा खर्च काही उत्साही व्यक्तींवर सोपविणे योग्य नाही. रायपूरची अभियांत्रिकी महाविद्यालये व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे यांनी परवानाधारक चालक तयार करणे, बॅटरीवर चालणारी मोजकी केंद्रे राखणे आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी सराव घेणे शक्य आहे. अग्निशमन दलाची उपयुक्तता रोजच्या आगींच्या संख्येवरून मोजली जात नाही. आपत्कालीन संदेशजालालाही हाच न्याय लावला पाहिजे.