पोटाच्या दुखण्यावर नैराश्याचे औषध कशासाठी?

जेवण होताच पोटात मुरडा येणे, पोट फुगणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध अशा तक्रारी वर्षानुवर्षे सोसणारी माणसे नांदेड व लातूर जिल्ह्यांत गावोगावी भेटतात. सोनोग्राफी होते, दुर्बिणीची तपासणी होते. नांदेडकडील काहीजण हैदराबादही गाठतात. अहवाल मात्र निर्दोष येतात. अखेर डॉक्टर रात्री घ्यावयाची एक लहानशी गोळी लिहून देतात. ती नैराश्यावरची असल्याचे दुकानात कळताच ‘मला काय वेड लागले आहे?’ असे म्हणून रुग्ण चिठ्ठी खिशात घालतो आणि उपचार तेथेच थांबतो.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असून व्हेगस मज्जातंतूवाटे त्याचा मेंदूशी अखंड संदेशव्यवहार चालतो. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होते. भीतीने पोटात गोळा येतो, हे आपले बोलणे शरीरशास्त्रालाही धरूनच आहे. ज्याला डॉक्टर आय.बी.एस. म्हणतात त्या विकारात आतड्याला जखम नसते, परंतु त्याची साधी हालचालही मेंदूला वेदना म्हणून जाणवते. दुखणे खरेच असते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या आणि २०१६ मध्ये रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या या प्रदेशात चिंता दुर्मिळ नाही, आणि चिंतेने ही तक्रार वाढते.

अमिट्रिप्टिलिन हे जुने व स्वस्त औषध वेदनेचा हा संदेश मंद करते. पोटासाठी १० ते ३० मिलिग्रॅम पुरतात. नैराश्यासाठी मात्रा याहून बरीच मोठी असते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांनी गुण न आलेल्या या रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांना सहा महिन्यांनी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. चिंता-नैराश्याच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. गोळीने काम केले ते पोटावर!

गुण येण्यास काही आठवडे लागतात. तोंड कोरडे पडते, गुंगी येते, मलावरोधही होतो. म्हणून ज्यांची मूळ तक्रारच मलावरोधाची आहे त्यांना ते सहसा मानवत नाही. काचबिंदू, हृदयविकार वा लघवी अडण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. शौचावाटे रक्त, घटते वजन, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल तर आधी तपासणी, मग गोळी.

विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे ही तपासणी होऊ शकते. तेथून मनोविकार विभागाकडे पाठविले गेल्यास रुग्णाने संकोच बाळगू नये. मनावरील ताणासंबंधी टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.