उपवासकाळात घर हलकं करताना

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून ४० दिवस हातात असतात. मांसमच्छी सोडायची, एक वेळ जेवायचं, हे आपण ठरवतोच. यंदा त्याला जोडून घरातली कपाटंही घ्या. दिवसाला एकच खण, रविवारी सुट्टी. घर नीटनेटकं दिसेल हा वरचा लाभ. खरं कारण असं, की घरातलं सगळं देवानं आपल्या हाती सोपवलेलं आहे आणि कारभाऱ्याला कधीतरी हिशेब द्यावाच लागतो.

साहित्य फार लागत नाही: तीन मोठ्या पिशव्या, एक वही, सुई-दोरा, जुनी बटणं आणि कपडे धुण्याचा साबण.

सुरुवात कपाटापासून करू नका. आधी घराबाहेर पडून कुणाला काय हवं आहे ते विचारा. तुमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असेल तर तिच्या सभासदांना भेटा. फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्यानं मित्रांसह १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या संस्थेचं मुख्य कामच मुळी गरजूंच्या घरी जाणं हे आहे. त्यामुळे कुणाकडे पांघरूण नाही, कुणाच्या मुलाला दप्तर नाही, हे त्यांना ठाऊक असतं. शाखा नसेल तर फादरना, सिस्टरांना किंवा जवळच्या वृद्धाश्रमात विचारा. ऐकलेलं सगळं वहीत लिहा, पण माणसांची नावं लिहू नका. ‘वॉकर हवा’ असं एकदा लिहिलं, की आजोबा गेल्यावर माळ्यावर टाकलेला वॉकर खाली काढायला कुणी समजवावं लागत नाही.

मग परतफेड. शेजारणीचा डबा, मेव्हण्याची शिडी, वाचनालयाची पुस्तकं आधी बाहेर काढा. जक्कयानं गरिबांना अर्धी मालमत्ता देऊ केली, त्याच दमात लुबाडलेलं चौपट परत करायचंही कबूल केलं. दुसऱ्याचं आपल्याकडे राहिलेलं असताना दानाला हात घालू नये. घरातल्या माणसांच्या वस्तूंनाही हेच लागू आहे. रेव्हरंड टिळकांचा देता हात आणि त्यामुळे लक्ष्मीबाईंच्या संसाराची होणारी ओढाताण ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना माहीत आहे. नवऱ्याचे शर्ट, सासूबाईंची भांडी, मुलांची खेळणी ज्याची त्यानं निवडावीत. मुलांना वहीतली गरज वाचून दाखवा आणि थांबा. ती देतात.

आता कपडे. एका खणातलं सगळं पलंगावर काढा. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं सांगणं आपण लहानपणापासून ऐकतो. चौथ्या शतकातले कैसरियाचे बिशप संत बसील तर त्याही पुढे गेले: पेटीत पडून असलेल्या कपड्यांवर आणि कुजत चाललेल्या जोड्यांवर हक्कच मुळी ते नसलेल्यांचा, असं त्यांनी शिकवलं. म्हणून कपडा हातात घेतल्यावर वही उघडा. मागचा अख्खा पावसाळा, हिवाळा आणि नाताळ जो अंगावर चढला नाही, तो पिशवीत जाऊ द्या. पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक आठवण म्हणून वर्षानुवर्षं पिवळा पडत राहतो. पुढच्या वर्षी वेदीपुढे जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या आईबापांना त्याची केवढी चिंता असते!

देण्याआधी कपडा धुवा, तुटलेली बटणं लावा, उसवलेली शिवण घाला. यापो इथली टबीथा गेली तेव्हा विधवांनी पेत्राला तिनं केलेले कपडे दाखवले होते. इतक्या अभिमानानं दाखवता येईल असंच आपण द्यावं. डागाळलेलं, विरलेलं घरात फडक्यांना वापरा. ते दानाच्या पिशवीत टाकणं हा घेणाऱ्याचा अपमान आहे.

स्वयंपाकघर लवकर होतं. मुदत संपत आलेलं या आठवड्यात शिजवा, सीलबंद असेल ते आजच पोहोचवा. पाच हजारांच्या जेवणानंतर येशूनं उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते. रद्दी आणि भंगार विकून आलेले पैसे उपवासकाळाच्या दानपेटीत टाका.

सर्वांत जड जातो आल्तारचा कोपरा. तुटलेली जपमाळ, मान मोडलेली मूर्ती, पानं सुटलेलं प्रार्थनापुस्तक टाकवत नाही आणि ठेवायला जागा नसते. आशीर्वादित वस्तूंचा आदर राखावा, त्या भलत्या कामाला वापरू नयेत, असं चर्चचा कायदा सांगतो. कागद आणि लाकूड प्रार्थना म्हणून जाळावं, राख मातीत पुरावी; प्लास्टरची मूर्ती आणि धातूचा क्रूस पायदळी येणार नाही अशा जागी पुरावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर फादरना विचारून चर्चमध्ये द्या. ग्रोटोपाशी गुपचूप ठेवून येऊ नका, तळ्यात किंवा खाडीतही सोडू नका. झावळ्यांच्या रविवारच्या वाळलेल्या झावळ्या मात्र राखेच्या बुधवारआधीच चर्चमध्ये द्यायच्या असतात, कारण कपाळावर लागणारी राख त्यांचीच होते.

सगळंच देऊन टाकायचं नसतं. आजीचं लाल लुगडं मलमलमध्ये गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला. जुन्या फोटोंमागे पेन्सिलीनं नावं लिहा. ती सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल. बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले एका फाईलमध्ये लावा. सांभाळणं हाही कारभाराचाच भाग आहे.

भरलेली पिशवी घरात आठवडाभराहून जास्त ठेवू नका. ती सोसायटीच्या हाती द्या, फोटो काढू नका. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही शिकवण मोबाइललाही लागू आहे.

रिकामा झालेला खण रिकामाच राहू द्या. जागा पुरत नाही म्हणून मोठं कपाट घेण्याचा विचार मनात आला, तर कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या धनवानाचा दाखला लूकच्या १२व्या अध्यायात वाचा. ईस्टरच्या खरेदीला जाताना वही बरोबर न्या. वहीतलं जे घरात सापडलं नाही, त्यातलं निदान एक आधी घ्या, आपल्या नव्या कपड्यांकडे नंतर वळा.