जहाजाच्या पोटातले पाहुणे आणि पटकी

नंदुरबारला समुद्र नाही, मग डॉक्टर आज समुद्राविषयी का लिहितात, असा प्रश्न वाचकांना पडेल. पण आपल्या आठवडे बाजारातला जवळा, सुकट, बोंबील समुद्रातूनच येतो, आणि पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतूही मुळात खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा आहे.

पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक जीवांना प्लवक म्हणतात. माशांची सारी उपजीविका अखेर त्यांच्यावरच चालते. त्यांतल्या कोळंबीच्या जातीच्या सूक्ष्म जीवांच्या कवचाला पटकीचे जंतू चिकटून राहतात. रिकामे जहाज डुलू नये म्हणून त्याच्या टाक्यांत बंदराचे पाणी भरतात आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात सोडतात. या पाण्याबरोबर प्लवकही परदेशी जातात.

नेमिऑप्सिस नावाचा जेलीफिशसारखा दिसणारा अमेरिकी जीव असाच १९८०च्या दशकाच्या आरंभी काळ्या समुद्रात पोहोचला. त्याने माशांची अंडी, पिल्ले आणि त्यांचे खाद्य फस्त केले. दशक संपताना तिथली अँकोव्ही माशांची मासेमारी कोसळली. अतोनात मासेमारीचाही त्यात हात होता, पण या पाहुण्याने कंबरडेच मोडले.

रोगाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९९१च्या जानेवारीत पेरू देशात पटकी उसळली आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत पसरली. त्या एका वर्षात सुमारे ३ लाख ९० हजार रुग्ण झाले. ती पेरूत जहाजाने आली असा संशय आहे, सिद्ध झालेले नाही. मात्र त्याच वर्षी अमेरिकेतील अलाबामाच्या मोबाईल खाडीतल्या कालवांत हाच जंतू सापडला, आणि पुढे त्या भागातील बंदरांत आलेल्या पाच मालवाहू जहाजांच्या पाण्यातही!

आपल्याकडेही याची दखल घेतली गेली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या प्रश्नावरील प्रकल्पासाठी जगातली सहा बंदरे निवडली, त्यांत मुंबई होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथल्या जीवांची पाहणी केली. घरातली माणसे कोण हेच ठाऊक नसेल तर चोर ओळखणार कसा? जहाजांनी हे पाणी शुद्ध करूनच सोडावे असा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला, पण अमलात यायला सप्टेंबर २०१७ उजाडले.

आता आपल्या घरातले. जुन्या वाचकांना नारू आठवत असेल. त्याचा वाहक सायक्लॉप्स हा याच जीवांचा विहिरीतला भाऊबंद. पाणी गाळण्याने नारू हटवायला मोठी मदत झाली आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. बांगलादेशातही जुन्या सुती साडीच्या घडीतून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन सूत फुलते आणि छिद्रे बारीक होतात. निदान चार पदर करावेत. वापरल्यावर कापड स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावे. सुटे जंतू मात्र कापडातून जातात, म्हणून गाळलेले पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध टाकावे. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर झऱ्याचे पाणी पिणाऱ्यांनी पावसाळ्यात हे टाळू नये.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले तर लगेच जलसंजीवनी पाजत पाजतच रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर शिरेतून सलाईन लागते, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.