१०० एमबीपीएस घेताय? आधी अपलोड विचारा

घरून साड्यांचे व्हिडिओ टाकताय आणि नेट रडतंय? थांबा, लगेच प्लॅन बदलू नका.

१०० एमबीपीएसला जिओफायबर ६९९ सांगतं, एअरटेल ७९९. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातातून जाणार साधारण ८२५ आणि ९४३.

पण धंद्याला लागतो अपलोड. १ जीबीचा व्हिडिओ १० एमबीपीएस अपलोडने चढायला १३-१४ मिनिटं, १०० ने जेमतेम दीड मिनिट. मी एकदा फक्त डाउनलोड बघून प्लॅन घेतला. वर्षाचे पैसे आधीच भरलेले!

राउटर जुना, नुसता २.४ गिगाहर्ट्झचा असेल, तर मोबाइलवर पूर्ण स्पीड येणारच नाही. लॅपटॉपला केबल लावून एकदा टेस्ट करा. मग सिडको असो की पैठण गेट, शेजाऱ्यांना विचारा: लाइन तुटली तर माणूस किती दिवसांनी येतो?