पाटोद्याहून परदेशात खरेदी विभागात येणाऱ्यांसाठी

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा-आष्टीकडून दुबई, टोरांटो किंवा बर्मिंगहॅमला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खरेदी विभागात काम करायला लायसन्स कुठून काढायचं? इथे परदेशात स्थिरावलेल्या आम्हा सगळ्या घरांचं उत्तर एकच आहे. तसं लायसन्स नसतं. डॉक्टर, नर्स, वकील यांना नोंदणीशिवाय काम करता येत नाही. खरेदी आणि पुरवठ्याच्या कामाला तशी सक्ती नाही. ‘परवाना काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

मालक मागतात ती व्यावसायिक संस्थांची प्रमाणपत्रं. ब्रिटनमध्ये आणि आखातात सिप्स, म्हणजे चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ प्रोक्युअरमेंट अँड सप्लाय. संस्थेची सुरुवात १९३२ची, शाही सनद १९९२ची. चौथी, पाचवी, सहावी अशा पातळ्या पार करून जबाबदारीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवला की नावापुढे एमसिप्स लावता येतं. अमेरिकेत आयएसएम या संस्थेचं सीपीएसएम: तीन पेपर, आणि पदवीधराला तीन वर्षांचा अनुभव, पदवी नसेल तर पाच. कॅनडात सप्लाय चेन कॅनडाचं एससीएमपी. गावी असतानाच सुरुवात करायची तर नवी मुंबईत बेलापूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट आहे. सगळ्यांच्या मागे लागू नका. ज्या शहरात जायचंय तिथल्या नोकरीच्या जाहिराती आधी वाचा, मग फी भरा.

अभ्यासापेक्षा जास्त डोकेदुखी नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची तर तीन कागदांवर तीन नावं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीही बुडू शकते. म्हणून नोंदणी पासपोर्टवर आहे तशीच करा, एक अक्षरही इकडेतिकडे नको. कॅनडासाठी डब्ल्यूईएस या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घेताना गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट जाव्या लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात खेटे निघण्याआधीच घाला; नंतर ते काम भावाच्या नाहीतर मेव्हण्याच्या गळ्यात पडतं आणि महिनोन्महिने रेंगाळतं.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला जपा. पुरवठादार सुक्या मेव्याचा डबा पाठवतो, नाही म्हणणं आपल्याला जड जातं. पण ब्रिटनमध्ये २०१०चा लाचलुचपतविरोधी कायदा कडक आहे आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांत भेटवस्तूंची नोंद ठेवतात. डबा आला की त्याच दिवशी साहेबांना लेखी कळवा. घरी नेऊ नका.

आणि मुलाखतीत पाटोदा लपवू नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. ब्रिटनच्या २०१५च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी सांगावं लागतं, की आपल्या पुरवठा साखळीत वेठबिगारी होऊ नये म्हणून काय केलं. इथली मुलं हे पुस्तकातून शिकतात. तुम्ही ट्रॅक्टरात संसार भरून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर निघालेल्या जोड्या पाहिल्यात. मुकादमाची उचल, एका कोयत्यामागे म्हणजे जोडीमागे ठरलेला आकडा, हंगाम संपून पट्टा पडला तरी न फिटलेली बाकी, आईबापांबरोबर गेलेल्या पोरांची सुटलेली शाळा, हे सगळं तुमच्या शेजारच्या घरात घडलंय. २०२४ साली न्यूयॉर्क टाइम्सने बीडच्या ऊसतोड बायकांचे हाल जगापुढे मांडले, तेव्हा प्रश्न साखर विकत घेणाऱ्या बड्या कंपन्यांपर्यंत गेला. कारखान्याने ‘आमच्याकडे बालमजूर नाहीत’ असं लिहून दिलं, तरी तोडणी मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात, ते मुकादमाच्या वहीत असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तपासणीला गेलात तर ती वही मागाल. मुलाखत घेणाऱ्याला नेमकं हेच सांगा, सविस्तर सांगा.