नोटीस घरात आली की



मागच्या बैठकीत आपल्या रांध्याच्या गटात एका ताईंनी विचारलं, "धंद्यावर वकिलाची नोटीस आली तर आधी नामस्मरण की आधी वकील?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यातली कितीतरी कुटुंबं मसाट, आमली, खडोलीच्या कारखान्यांना माल पुरवतात, टेम्पो चालवतात, छोटं युनिट सांभाळतात. आम्हाला वाटतं, नामस्मरण मन ठिकाणावर राहावं म्हणून करावं, आणि वकिलाकडे त्याच दिवशी जावं.

आधी एक जुनं उदाहरण बघू. 'केसरी' आणि 'मराठा' ही वर्तमानपत्रं १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली. छापखाना नवा, पैसा बेताचा, चालवणारे सगळे तरुण. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, अशा अर्थाची पत्रं त्यांच्या हाती आली. ती खरी मानून त्यांनी छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुढे ती पत्रं बनावट निघाली.

तेव्हा आगरकर आणि टिळकांनी हट्ट धरला नाही. कागद खोटे होते हे कळल्यावर त्यांनी माफी मागितली. तरी खटला थांबला नाही. त्यातच मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, म्हणजे घरचा आधारच गेला. जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे पुढे आले. विचार जुळत नव्हते, तरी माणूस उभा राहिला! जुलैमध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे २६ ऑक्टोबरला सुटले. वर्तमानपत्रं मात्र बंद पडली नाहीत. 'केसरी' आजही निघतो.

चूक कबूल केली की शिक्षा टळतेच, असं नाही. पण कबूल केल्यावर लपवण्यात शक्ती जात नाही, ती काम चालू ठेवायला उरते. आणि मदतीला कोण येईल हे आपण आधी ठरवू शकत नाही. ज्यांना काही सांगितलंच नाही, ते तर येणारच नाहीत.

आता आपल्याकडचं बघू. छोट्या धंद्यात सगळ्यात जास्त भीती चेक परत जाण्याची. समोरची पार्टी पैसे देत नाही, म्हणून आपला चेक वटत नाही, आणि कलम १३८ ची नोटीस येते. बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत समोरच्याने नोटीस पाठवायची असते. ती आपल्याला मिळाली की १५ दिवस आपले. तेवढ्यात पूर्ण रक्कम दिली तर विषय संपतो. नाही दिली, तर पुढच्या महिन्याभरात तो कोर्टात तक्रार करू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे १५ दिवस बऱ्याच घरांत कसे जातात? नोटीस कपाटात, साड्यांच्या खाली. "घरच्यांना कशाला त्रास" म्हणून. किंवा पोस्टमनला "साहेब घरी नाहीत" सांगून परत पाठवतात. बरोबर पत्त्यावर आलेली नोटीस घेतली नाही म्हणून ती पोचली नाही, असं कोर्ट सहसा मानत नाही. म्हणून पाकीट घ्या, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकीट फेकू नका. पैसे अर्धेच असतील तर समोरच्याशी बोला, जे ठरेल ते लिहून घ्या, आणि दिलेल्या पैशाची पावती घ्या. खटला सुरू झाल्यावरही दोघांच्या संमतीने तडजोड होऊ शकते.

ताईंसाठी आणखी एक गोष्ट, आणि खरं तर याचसाठी हा विषय निवडला. बऱ्याच फर्म घरातल्या बाईच्या नावावर असतात. धंदा यजमान किंवा मुलगा बघतो, चेकबुकवर सही हिची. "इथे इथे सही कर" म्हटलं की स्वयंपाकाचे हात पुसून आपण करतो. पण नोटीस येते ती हिच्या नावाने. कोऱ्या चेकवर सही करून दिली आणि रक्कम दुसऱ्याने भरली, तरी जबाबदारी सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरात विश्वास असावाच. विश्वास आहे म्हणूनच विचारता येतं, की हा चेक कोणाला, किती रुपयांचा, खात्यात तेवढे आहेत का.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. आपल्या वारली, कोकणा, धोडिया बंधू-भगिनींनाही हे सांगा. सिल्वासाच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन लावा.

पुढच्या बैठकीला येताना घरून एवढं विचारून या: आपल्या नावावर कोणती फर्म आहे, चेकबुक कुठे ठेवलं आहे, आणि सही केलेली किती पानं बाहेर गेली आहेत. आकडे गटात सांगायचे नाहीत, फक्त विचारलं की नाही तेवढं सांगायचं.